आगाता, हजर

धुक्यात दोन जहाजं आदळली तेव्हा मी पाच वर्षांची होते. दुसऱ्या जहाजाचं नाक आमच्या जहाजातल्या खोलीत घुसलं आणि मला गादीसकट उचलून घेऊन गेलं. कुठल्याशा इस्पितळात मी शुद्धीवर येईपर्यंत इकडे अमेरिकेत, ग्लॉस्टर बंदराच्या धक्क्यावर बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला होता. त्यात माझंही नाव होतं. फादरनी आशीर्वाद दिलेल्या दगडावरचं नाव खोडायचं नाही, असं इटलीतल्या सिसिलीहून इथे आलेल्या आमच्या बायकांनी ठरवून टाकलं.

दरवर्षी फादर ती नावं वाचतात आणि मेलेल्याच्या वतीने घरचं माणूस "हजर" म्हणतं. माझ्या नावाला सगळे गप्प राहतात. तरीही "हजर" ऐकू येतं. पाण्याकडून, बारीक आवाजात. मग सगळ्या बायका आपापले बूट बघत बसतात.

यंदा मी नववीत आहे आणि वादविवाद स्पर्धेत अख्ख्या शाळेला गप्प केलंय.

"आज मीच म्हणणार," मी आईला सांगितलं.

"गप उभी राहा गं. त्या पाण्यातल्या पोरीला म्हणू दे. तेवढ्यावर ती खूश असते."

"आणि मी? नाव माझं आहे, आई."

फादरनी वाचलं, "आगाता स्कोला."

मी छाती भरून म्हटलं, "हजर."

पाणी पहिल्यांदाच गप्प राहिलं. मी जिंकल्यासारखी आईकडे वळले.

आई माझ्याकडे बघत नव्हती. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून अनवाणी पावलांचा आवाज वर येत होता, छोट्या, घाईतल्या पावलांचा.

मी जागची हलले नाही.

"फादर," मी म्हटलं, "पुन्हा वाचा. या वेळी तिला म्हणू दे."