पहाटेची वडी

एकशे बारावं पान आपल्याच वाट्याला येणार, हे यंग-नानने आल्या आल्या मोजून पाहिलं होतं. एकेकीने एक पान मोठ्याने वाचायचं, अशी वाचनालयातल्या त्या गटाची रीत. तिच्याआधी आता दोघीच उरल्या होत्या. तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बार्लीचा चहा ओतून घेतला आणि न पिताच ठेवून दिला.

पुस्तक मोठं नावाजलेलं. श्रीमंत घरच्या एका तरुण लेखकाने सोल शहराच्या टेकडीवरच्या वस्तीत भाड्याची खोली घेऊन एक हिवाळा काढला, त्याच्या आठवणी. पन्नास वर्षं ते शाळाशाळांतून वाचलं जात होतं. यंग-नानने आजवर ते कधी हातात धरलं नव्हतं; ते पान कितवं, एवढं मात्र तिने ऐकलं होतं. त्यातली ‘कोळसाचोर शेजारीण’ म्हणजे तिची आई. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून मात्र त्या पुस्तकाने तिची पाठ धरली होती.

“तुमची पाळी हं, मावशी,” वाचनालयातली हा-यून म्हणाली.

“माझं डोकं दुखतंय. पुढचीला सांग ना.”

“नखरे कसले करतेस गं?” पिल-न्यो ताई कडाडली. जन्मभर बाजारात मासळी विकून कमावलेला आवाज. “तुझ्याहून वीस वर्षांनी म्हातारी मी. मी वाचलं की नाही घडाघडा?”

यंग-नान वाचू लागली. “रोज संध्याकाळी मी खोलीच्या जमिनीखालच्या, अंगणात तोंड असलेल्या चुलीत कोळशाची एक वडी सरकवायचो आणि मेल्यासारखा झोपायचो. उन्हं वर येईतो खोली उबदार असायची. बाहेरच्या ढिगातून मात्र रोज दोन वड्या कमी व्हायच्या. एकदा पहाटेच जाग आली. बाहेर येऊन पाहतो, तर शेजारची तरुण विधवा चिमट्यात माझी वडी धरून उभी. अंगणभर बायका जमल्या. तिने मान खाली घातली, शब्द काढला नाही. गरिबी माणसाला आधी चोर करते, मग मुकं.”

तेव्हा यंग-नान नऊ वर्षांची होती, दारातच उभी होती. त्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीत उशाशी ठेवलेलं पाणी गोठायचं. पण त्या सकाळी तिला तेवढंही आठवलं नाही. तिला फक्त लाज वाटली. त्यानंतर ती आईबरोबर कधी नळावर गेली नाही.

तिने पुस्तक मिटलं. आता कुणी काही बोलू नये, एवढंच तिला वाटत होतं.

“किती नेमकं लिहिलंय ना?” हा-यून म्हणाली.

“नेमकं? डोंबलाचं!” पिल-न्यो ताई खो खो हसली. “एका वडीवर रात्र काढली होय ह्याने? अगं, पहाटे उठून उठून आमची हाडं झिजली. वडी बदलली नाही तर उजाडायच्या आत जमिनीचा बर्फ!”

बाकीच्या बायकाही हसल्या. वडी बदलण्यात सगळ्यांचीच उमर गेली होती. मग एकेकीचं हसू थांबत गेलं. पिल-न्यो ताईने पुस्तक ओढून घेतलं आणि बोट ठेवून तेवढ्याच ओळी पुन्हा वाचल्या.

“रोज दोन जायच्या. एक ह्याची संध्याकाळची, एक पहाटेची,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि हा उन्हं वर येईतो उबेत झोपायचा. अगं, चोरत नव्हती ती. ह्याच्याच चुलीत घालत होती.”

“मग बोलली का नाही?” हा-यूनने विचारलं.

“काय बोलणार? परक्या पुरुषाची चूल रोज पहाटे सांभाळते, असं तरण्या विधवेने भरल्या अंगणात सांगायचं? त्यापेक्षा चोर बरी.” तिने डोळे पुसले. “कोण होती गं ही बाई?”

यंग-नानचे हात दुपारपासून पहिल्यांदाच स्वस्थ झाले होते.

“माझी आई,” ती म्हणाली.