पहिलं शीर

गादीवर बसण्याआधी पहिलं शीर राजानं स्वतः उतरवायचं, ही घराण्याची रीत. मारेकरी गुडघ्यांवर बसवला होता, पण नव्या राजाची तलवार उठेना.

शहाणा राजा हवा म्हणून आईसाहेबांनीच लेकाला काशीला धाडलं होतं. आता भर दरबारात त्याच कडाडल्या, "बारा वर्षं आत्मा-परमात्मा घोकलात, आणि बापाच्या खुन्यावर हात चालेना? द्या इकडे, मीच उडवते!"

राजानं मारेकऱ्याला शांतपणे विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून मारलंस?"

"मामासाहेबांच्या."

मामासाहेब दाराकडे पळाले. शिपायांनी त्यांना फरफटत आणलं.

आईसाहेब दोघांच्या मध्ये आल्या. "राजे, माझ्या पाठचा भाऊ आहे तो."

"राजाला मामा नसतो, आईसाहेब. तुम्हीच नेमलेल्या गुरूंनी शिकवलंय."

राजाच्या एकाच घावात मामासाहेबांचं मुंडकं तुटलं आणि घरंगळत आईसाहेबांच्या पायाशी आलं. रक्ताच्या चिळकांडीनं लुगडं भिजलं.

आईसाहेबांनी वाकून भावाचे उघडे डोळे मिटले.

"गादीला राजा चांगला मिळाला," त्या म्हणाल्या. "पण आजपासून माझ्या हातचं जेवू नका."