भरदुपारची साद

हार्त्स डोंगराच्या पायथ्याचं आमचं हवापालटाचं गाव जेवणानंतर चिडीचूप होतं. या विश्रांतीत चमचा वाजला तरी सासूबाई आमच्या पाहुणघरातल्या पाहुण्यांवर खेकसतात.

सासरे, आल्विन, वनरक्षक होते. बैलाच्या शिंगातून ते हरणासारखे हंबरायचे आणि माजावरचे नर रानातून उत्तर द्यायचे. झटका आला, वाचा गेली, तेव्हापासून शिंग उशाशी नुसतंच पडून होतं.

परवा भरदुपारी एका हंबरण्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"हरीण अंगणात शिरलं की काय?" पाहुणा दचकला.

"कोण मेला ओरडतोय?" म्हणत सासूबाई जिना चढल्या आणि सासऱ्यांच्या दारातच थिजल्या. शिंग त्यांच्या ओठांशी होतं.

तेवढ्यात डोंगरातून उत्तर आलं. खोल, लांबलचक.

सासूबाईंनी खिडकी सताड उघडली. "उठा रे, झोपताय काय! माझा आल्विन बोलला!"