गाण्यामागचा बारीक आवाज

दातांच्या डॉक्टरांच्या महागड्या हेडफोनमध्ये प्रत्येक गाण्यामागे एक बारीक आवाज यायचा. त्यांनी ॲम्प्लिफायर बदलला, चांदीच्या तारेची केबल आणली, पण आवाज काही हटेना.

"तुमच्या त्या जाळीच्या हेडफोनमधली गाणी मला ओट्यापाशीसुद्धा ऐकू येतात," बायको म्हणाली. "अजून काय हवंय?"

"तुला नाही कळायचं त्यातलं!"

ती माहेरी गेली त्याच दिवशी आणखी भारी केबल आली आणि आवाज गायब! "याला म्हणतात केबल!" असं डॉक्टरांनी फोन करून तिलाच ऐकवलं.

आठवड्याने ती परतली, भांडी लावू लागली, आणि तो आवाजही परतला.

डॉक्टरांनी हेडफोन काढून ठेवले आणि स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, गाण्याचा अंतरा जरा मोठ्यानं म्हण ना."