पंपवाल्याची टेस्ट ड्राइव्ह

"काका, मे महिना आहे, मफलर काढा की," शोरूममधली मुलगी म्हणाली. मगदूमांनी तो उलट नाकापर्यंत ओढला. त्यांचा स्वतःचा पेट्रोलपंप होता. विजेच्या गाडीत बसताना कुणी पाहिलं असतं, तर पंपवाल्यांच्या संघटनेनं त्यांना वाळीतच टाकलं असतं. म्हणून तर ते दोन तालुके ओलांडून इथे आले होते.

गाडी परदेशातून आलेली, तरी किंमत आपल्याकडच्या साध्या गाडीएवढीच. छत काचेचं, सीट पाठ चेपून देणारी. निघाली तेव्हा आवाजच झाला नाही. फाटकात झोपलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. पहिल्या वळणावरच मगदूम विरघळले. "पेट्रोल कुठे भरायचं?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, आणि ते स्वतःच लाजले.

ते परतले तेव्हा शेजारी तशीच दुसरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून काळा चष्मा आणि माकडटोपी घातलेले गृहस्थ उतरले. चालीवरून मगदूमांनी ओळखलं. संघटनेचे अध्यक्ष, चौगुले!

दोघे एकमेकांकडे बघतच राहिले. मग चौगुल्यांनी घसा खाकरला आणि मुलीला विचारलं, "ताई, दोघांनी मिळून घेतल्या तर काही कमीजास्त होईल का?"