भागरताबाईची राखण

"तुह्या बापानं रचले का हे गोटे?" असं फटकारत भागरताबाईने चाळीस वर्षं गावाबाहेरच्या जुन्या दगडी वर्तुळातला एकही धोंडा कुणाला उचलू दिला नव्हता. मुरूम खणायला आलेल्या सरपंचालाही तिने हाकललं होतं.

म्हणून आज पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी तिथेच तिच्या खांद्यांवर शाल घातली. "तीन हजार वर्षांपूर्वीची ही दफनभूमी आजींमुळे शाबूत राहिली. उद्यापासून आपण खोदायला घेऊ."

"हासा ना जरा, आत्याबाई, फोटो काढून रायले," सून कुजबुजली.

भागरताबाई हसली नाही. पळसाकडच्या मोठ्या दगडाशी जाऊन ती उभी राहिली. "एवढी जागा सोडा."

"तसं सोडता येत नाही, आजी. खाली काय आहे कुणाला ठाऊक?"

"मले ठाऊक हाय. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. वावरात पुरलं त कोल्हे उकरतात. म्हणून माही पोरगी म्या इथं ठेवली."

साहेबांनी वही मिटली आणि हळूच विचारलं, "काय नाव होतं तिचं?"

भागरताबाईने दगडावर हात ठेवला.

"बारसं तीन दिवसांवर होतं, साहेब."