मास्तरांची कात्री
या, जवळ सरका, एका कात्रीची गोष्ट सांगतो. शिंपीकाम शिकवताना मास्तरांनी जिला कुणाचा हात लागू दिला नाही, ती कात्री म्हातारपणी त्यांनी शिष्येच्या मशीनवर ठेवली. “घे तुला. मला आता कशाला?” शिंपी कात्री सोडतो म्हणजे काय, हे तिला कळलं. तिनं सरळ विचारलं, “मास्तर, जीव द्यायचं मनात आहे?” ते खाली बघत म्हणाले, “मुलाला बोललो होतो. म्हणाला, या वयात असं वाटतंच.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वाटतंच? आणि त्याचं डोकं दुखलं की डॉक्टर? उठा, दवाखान्यात चला. तुमच्या चिरंजीवांना मी नंतर उसवते.” “अगं, गिऱ्हाईक खोळंबलंय.” “फिरू दे उघडं.” मास्तरांना हसू फुटलं, पाठोपाठ रडू. वाटभर तिनं त्यांचा हात सोडला नाही. मायबापहो, देव थांबेल. आधी घरातला म्हातारा आठवा.